खालचा खण

दुपारच्या त्या वेळेला दुकानात कुणी चिटपाखरू फिरकत नाही, नेमका तेव्हाच तो आला. "काकू, नेहमीचं," म्हणाला, हेल्मेट काउंटरवर ठेवलं, आणि औषधं देणारी ती वळली. वळायचं हा त्या औषधाच्या दुकानातला रिवाजच होता. खालच्या खणातलं काही कुणी मागितलं की आपण पाठ फिरवायची, वाकून खण उघडायचा, वस्तू खाकी पाकिटात घालायची, आणि पाकीट पुढे सरकवताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता वर गरगरणाऱ्या पंख्याकडे बघायचं. म्हणजे माणसाला वाटतं, आपल्याला कुणी पाहिलंच नाही. तर ती वाकली होती, हात खणात होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याच्या हातात आइस्क्रीमचा कोन होता, म्हणून त्याने फोन काउंटरवरच ठेवून स्पीकर लावला. आणि फोनमधून खारू बोलली. "ऐक ना, सॉरी. सॉरी म्हटलं ना. मी त्याच्याशी बोलत नव्हते, तो नुसता वही मागत होता. येते मी. आत्ता निघते. तू रागावू नकोस ना, प्लीज."

खारू म्हणजे तिची मुलगी, एकुलती एक. लहानपणी एका जागी बूड टेकायची नाही, सोफ्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून खिडकीत, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. सतरा वर्षांची झाली तरी तेच चिकटलेलं. तिला आधी वाटलं, अगं बाई, हिने दुकानात कशाला फोन केला? किल्ली विसरली की काय? ती अर्धवट वळलीसुद्धा, "काय गं" ओठांवर आलं होतं. पण तो फोनवर वाकून हळू आवाजात, अगदी लाडात बोलावं तसा म्हणाला, "आवाज खाली. मी दुकानात आहे. तुझं नंतर बघतो." आणि फोन बंद करून तिच्याकडे बघून हसला. "काकू, पोरींचं काही खरं नाही हो." ते "काय गं" ओठांवरच राहिलं. पण हाताला कुणी काही सांगितलं नव्हतं. हाताने पाकिटात डबी घातली, वरची कड दुमडली, पाकीट पुढे सरकवलं, आणि डोळे आपोआप पंख्याकडे गेले. तो "येतो काकू" म्हणून गेला. पंखा फिरत होता. एका पात्याला केव्हापासूनची धूळ होती, ती तिला पहिल्यांदाच दिसली.

ती स्टुलावर बसली. आवाज दुसऱ्या कुणाचा असेल, सगळ्या पोरी हल्ली एकाच सुरात बोलतात, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. पण ते सर्दी झाल्यासारखं "प्लीज", त्यातला तो नाकातला "ज", तो काय दुसऱ्या कुणाचा असणार? तिनेच तर त्या आवाजापायी खारूला दोनदा नाकाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. मालक आतल्या खोलीत डुलकी काढत होते. म्हातारा माणूस देवमाणूस, पण तोंडाचा फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सांगितलं होतं, "ताई, आपण औषध विकतो, अक्कल नाही. खालच्या खणातलं मागणारा माणूस आधीच अर्धा मेलेला असतो, त्याला आणखी मारायचं नाही." तिला ते इतकं पटलं होतं की डोळ्यांत पाणी आलं. कारण पोरसवदा असताना ती स्वतः अशीच एकदा एका दुकानात उभी राहिली होती, मुठीत घाम, कान गरम, आणि तिथल्या माणसाने भरल्या दुकानात ओरडून आतल्या नोकराला सांगितलं होतं, "अरे, या पोरीला ते बायकांचं पाकीट दे रे!" दुकानभर सगळी डोकी वळली. शेजारचे एक काका फिस्सकन हसले. बायकांची पाळी ही काय जगातली नवी गोष्ट होती? पण तो हसण्याचा आवाज तिच्या कानात पुढे कितीतरी वर्षं राहिला. म्हणून तिने या दुकानात ठरवलं, आपल्यापुढे कुणाचे कान गरम व्हायचे नाहीत. आणि ते तिने निभावलं. लांब लांबच्या वस्त्यांतून, दोन बस बदलून बायका तिच्याकडे यायच्या. "त्या बाई काही विचारत नाहीत," अशी तिची ख्याती होती. आणि खोटं कशाला बोला, त्या ख्यातीचं तिला सुखही होतं.

आणि हा मुलगा तर तिच्या आवडीचा. वीस-बावीसचा, हसतमुख, स्वच्छ नखांचा. एकदा वरच्या फळीवरचं खोकं निघेना, तर काउंटरच्या आत येऊन त्याने काढून दिलं होतं. एकदा मालकांना हात धरून रस्ता ओलांडून दिला. मालक म्हणाले होते, "चांगल्या घरचा दिसतो." तिच्याही मनात येऊन गेलं होतं, की आपल्या खारूला पुढेमागे असाच एखादा हसरा मिळावा. तो किती दिवस येत होता? थंडीच्या आधीपासून नक्की. तो न्यायचा ती गोळी काही रोजची नव्हे. अडीअडचणीला, चुकूनमाकून काही झालं तर दुसऱ्या दिवशी घ्यायची, दिवस राहू नयेत म्हणून. आणि हा तर दूध न्यावं तशी न्यायचा. हे तिला कळत नव्हतं का? कळत होतं. एकदा तर ती पंख्याला उद्देशून बोललीही होती, "हे असं वारंवार घेणं बरं नसतं हो. दुसरे उपाय असतात." तो म्हणाला होता, "सांगतो तिला." तेवढ्याने तिचं समाधान झालं होतं. सांगतो तिला! जणू चूक त्या तिचीच. ती 'ती' कशी असेल याचं एक चित्रसुद्धा तिने मनात रंगवलं होतं: थोराड, मोठमोठ्याने हसणारी, घरच्यांना न जुमानणारी कुणीतरी. त्या पोरीचा तिला थोडा रागच यायचा. पोटात कळा येत असतील, अंगावरून वेळी-अवेळी जात असेल, तरी हिला अक्कल येत नाही, असं ती त्या पोरीला मनातल्या मनात बोलायची. आणि घरी जाऊन खारूला गरम पाण्याची पिशवी भरून द्यायची.

गरम पाण्याची पिशवी! संध्याकाळी घरी जाताना ती बसमध्ये उभी होती, मागचा माणूस पुढे सरका म्हणत होता, आणि तिला एकामागून एक सगळं दिसायला लागलं. एखादा दिवा लागावा आणि खोलीत मघापासून कुणीतरी बसलेलं आहे हे कळावं, तसं. खारू महिन्यातून कितीतरी वेळा पिशवी मागायची. "ॲसिडिटी आहे," म्हणायची. आणि आई, जी दिवसभर औषधांत असते, ती ॲसिडिटीचं औषध आणून द्यायची. उकाड्यात पूर्ण बाह्या. जेवताना ताटाशेजारी फोन, तोही उताणा, आणि तो थरथरला की घास तसाच टाकून उत्तर. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या, तर आपण म्हटलं, बरं झालं, अभ्यासाला लागली. आणि ते फोटो. खारू हल्ली स्वयंपाकघरात येऊन एकदम फोटो काढायची. गॅसचा, खिडकीचा, आईच्या पाठीचा. "कशाला गं मेल्या पाठीचा फोटो?" असं एकदा हसून विचारलं, तर म्हणाली होती, "असंच." आपणही म्हणालो, असंच. बसच्या दांड्याला धरलेला आपला हात तिला परका वाटला. बाहेर दुकानांच्या पाट्या सरकत होत्या, एकीवरही काय लिहिलंय ते तिला लागत नव्हतं.

घरी आली तेव्हा नवरा जमिनीवर बसून स्क्रू मोजत होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर माणसांना वरखाली नेणाऱ्या पेट्यांच्या डोक्यावर उभा राहतो, आणि संध्याकाळी घरी येऊन विनोद करतो. "आलात? आज किती लोकांचे जीव वाचवलेत?" हा त्याचा रोजचा. ती हसली नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही. सांगावं का याला? सांगितलं तर हा हातातला पाना घेऊन तसाच उठेल, त्या पोराचं डोकं फोडेल, आणि मग याला कोण सोडवणार? त्याचा राग तिने लग्नानंतर एकदाच पाहिला होता, एका वॉचमनवर, आणि तो पुन्हा बघायची तिची तयारी नव्हती. खारू दिवेलागणीनंतर आली. सरळ न्हाणीघरात गेली. नळ चालू झाला, खूप वेळ चालू राहिला. आई बाहेर दाराशी उभी राहिली. काय विचारायचं असतं अशा वेळी? तिने मनात वाक्यं जुळवली. 'तुझा कुणी मित्र आहे का?' हे नाटकातलं वाटत होतं. 'तो तुला मारतो का?' हे तोंडातून फुटेना. आयुष्यभर न विचारण्याचा इतका सराव केला होता, की आता प्रश्न कसा करतात तेच हरवलं होतं. शेवटी ती दाराला म्हणाली, "पोटात दुखतंय का?" आतून आवाज आला, "नाही." नळ चालूच. "पिशवी देऊ का?" "नको म्हटलं ना आई!" नवरा बाहेरून ओरडला, "अगं, पाणी संपेल टाकीतलं! मासोळी जन्माला घातलीय का?"

दोन दिवसांनी खारूला ताप भरला. अंग भाजत होतं, आणि खालच्या पोटाला हात लावू देईना. नवरा कामावर गेलेला. तिने दुकानात कळवलं, रिक्षा बोलावली आणि ओळखीच्या नव्हे, मुद्दाम दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथेही लपवालपवी, बघा! डॉक्टरीणबाईंनी तपासताना आईला बाहेर बसवलं. बाहेर भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचं चित्र होतं, त्याच्याखाली एक गरोदर बाई शांतपणे केळं खात होती. दार बंद होतं, आणि आत काय चाललंय याचा एक शब्दही ऐकू येत नव्हता. तिला आत बोलावलं तेव्हा खारू पडद्यामागे कपडे घालत होती. डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या, "आतून संसर्ग झालाय आणि तो वर चढलाय. बरेच दिवसांचा आहे. औषधाचा पूर्ण कोर्स घ्यायचा, मधे थांबायचं नाही. मधे थांबली, किंवा पुन्हा पुन्हा झालं, तर पुढे मूल राहायला अडचण येते. आणि त्या मुलानेही घ्यायचा, नाहीतर हिचा बरा होऊन उपयोग नाही, त्याच्याकडून परत येईल." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ती म्हणते, तो निरोध वापरत नाही. वापर म्हटलं की म्हणतो, तुझा माझ्यावर विश्वास नाही. दंडावरचे वळ मी पाहिलेत. तुम्ही पाहिलेत?" तिने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते तिचं तिलाच कळलं नाही. "ती अठराच्या आतली आहे, मला हे कायद्याने पुढे कळवावं लागेल. बालकल्याण खात्याच्या कुणीतरी बाई घरी येतील, त्यांच्याशी बोलू दे तिला."

त्या बाई आल्या. साधा चेहरा, पायात सपाता, बोलायला गोड. खारूच्या खोलीत दार लावून बसल्या. तिने बाहेर चहा ठेवला, तो उतू गेला, परत ठेवला. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ती म्हणते, असा कुणी मुलगाच नाही. जिन्यावरून पडली म्हणते. नाव सांगत नाही, काही सांगत नाही." तिच्या अगदी जिभेवर आलं, मी सांगते, मला माहीत आहे कसा दिसतो, स्वच्छ नखं आहेत त्याची. पण नाव? नाव तिलाही माहीत नव्हतं. तो तर फक्त 'नेहमीचं' म्हणायचा. "दुकानात येतो तो," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "आला की मला कळवा. पण ताई, पोरगी बोलल्याशिवाय माझे हात फार लांब पोचत नाहीत. ती बोलेल. वेळ लागतो." हे त्या खूप ठिकाणी म्हणाल्या असणार, तरी मनापासून म्हणाल्या. जाताना त्यांनी आपला नंबर दिला आणि कपातला चहा पूर्ण प्यायल्या. त्या गेल्यावर खारू दारात येऊन उभी राहिली, तापाने ओठ सुकलेले. "बाबांना सांगितलंस तर मी निघून जाईन," ती म्हणाली. "त्याच्याकडेच जाईन. कायमची. मग बस शोधत."

"बरं," ती म्हणाली. तिने खारूला गादीवर निजवलं, गोळी दिली, पाणी दिलं. मग तिथेच कडेला बसून राहिली. दुपारचं ऊन पडद्यातून येत होतं आणि खारूचा चेहरा त्यात एकदम लहान, दुधाचे दात पडताना होता तसा दिसत होता. "तो बरा आहे गं," खारू छताकडे बघत म्हणाली. "नेहमी नाही करत. नंतर रडतो. माझ्या पायांवर डोकं ठेवून रडतो." तिला वाटलं, ओरडावं, मग रडू दे की मेल्याला! पण पोरगी पहिल्यांदा बोलत होती. "मी त्याला म्हटलं होतं," खारू म्हणाली, "आईच्या दुकानातून नको. बाकी कुठूनही आण. तर म्हणाला, तिथूनच आणणार. तुझी आई आहे म्हणूनच." ती एकदम पुढे वाकली. "त्याला माहीत आहे, मी कोण ते?" "पहिल्यापासून." म्हणजे तो कोन, तो स्पीकर, ते हसणं! सगळं मुद्दाम. खारू तशीच छताकडे बघत होती. "मला ना, आधी भीती वाटली. मग म्हटलं, बरंच आहे. एकदा तरी आई विचारेल त्याला, कुणासाठी नेतोस इतक्या वेळा. तू ओरडशील त्याला, हाकलशील. तो आला की मी पहिलं हेच विचारायचे, आई काही म्हणाली का? तो म्हणायचा, नाही गं. पंख्याकडे बघत होती."

पंख्याकडे बघणं! हीच गोष्ट तिने अभिमानाने मिरवली होती. हीच गोष्ट घरात खारूलाही शिकवली होती, कुणाच्या पाकिटात काय आहे ते विचारू नये, ज्याचं त्याला लखलाभ. पोर शहाण्यासारखी शिकली. तिला खारूला घट्ट जवळ घ्यावंसं वाटलं, पण दंडाला हात लावायची भीती वाटली. कुठे दुखत असेल ते तिला माहीत नव्हतं. तिने नुसता पांघरुणावरून तिच्या पायांवर हात फिरवला. तेवढ्यात उशीखाली फोन थरथरला. खारूचे डोळे बदलले. मघाचं लहान पोर कुठच्या कुठे गेलं. तिने फोन काढला, वाचला, आणि खोलीच्या दिशेने धरून म्हणाली, "आई, जरा बाजूला हो ना. त्याला फोटोत खिडकी दिसायला पाहिजे." आणि ती आई, चांगली पन्नाशीला आलेली बाई, उठून मुकाट्याने बाजूला झाली.

पण औषध लागू पडलं. ताप उतरला, खारू थोडं थोडं जेवायला लागली, एके सकाळी तर बापाच्या विनोदावर हसलीही. बापाला वाटत होतं, पोटाचा काहीतरी विकार होता, गेला. "ते बाहेरचं अरबट-चरबट खाणं बंद करा आता," एवढं तो म्हणाला. तिने दुकानातून दुसरा कोर्सही आणून ठेवला होता, त्या मुलासाठी. याची तिला लाज वाटत होती. जो आपल्या पोरीला मारतो त्याच्यासाठी आपण औषध आणतो! पण डॉक्टरीणबाईंचे शब्द डोक्यातून जात नव्हते. खारूने ते त्याला देऊ का म्हणून फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, आजार तुझा, मी कशाला घेऊ, कुठून आणलास ते आधी सांग. खारूने हे सांगितलं आणि स्वतःच म्हणाली, "आई, मी नाही भेटणार त्याला आता. शप्पथ." तिने त्या शपथेवर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता तिला. खारू क्लासला जायची, तिथून वेळेवर घरी यायची, कोर्सच्या गोळ्या नेमाने घ्यायची. फोन अजून उताणाच असायचा, पण हल्ली कमी थरथरायचा, किंवा तिला तसं वाटायचं. तिने स्वयंपाक करताना जुनं एखादं गाणं गुणगुणल्याचं नवऱ्याने ऐकलं आणि म्हणाला, "काय हो, कुणाची लॉटरी लागली?" मनात तिने कितीदा तरी घोकून ठेवलं होतं, तो आलाच तर असं म्हणायचं, तसं म्हणायचं. त्या बाईंचा नंबर काउंटरखाली चिकटवला होता. मालकांनाही सगळं सांगून टाकलं होतं. मालक चष्मा काढून पुसत म्हणाले, "माझंच चुकलं, ताई. मी तो नियम तुमच्या गळ्यात मारला." तिला म्हाताऱ्याची दया आली. तिला वाटलं, सरलं एकदाचं.

तर तो आला. दुपारीच आला, तसाच, स्वच्छ शर्ट, काखेत हेल्मेट. "काकू, नेहमीचं."

ती वळली नाही. तिने सरळ त्याच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं, आणि काही विशेष नव्हतं त्यात. एक साधा मुलगा होता, हनुवटीवर दाढी करताना कापलेलं. "कुणासाठी?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. तो हसला. "तुम्हाला माहीत आहे की." "देणार नाही," ती म्हणाली. "चालता हो. पोलिसांत देईन तुला. मी नंबर लावतेय बघ." आतून मालक आले, "काय झालं ताई? कोण आहे?" तो जागचा हलला नाही. त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. "लावा ना. ती काय सांगणार आहे ते तिलाच विचारा," तो म्हणाला. "आणि गोळी नका देऊ. मला काय? मी दुसरीकडे कुठे जाणार नाही. उद्यापर्यंत नाही घेतली तर काय होतं, ते तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं, काकू." आणि मान वळवून त्याने रस्त्यापलीकडे बघितलं.

पलीकडे, बंद बेकरीच्या सावलीत त्याची गाडी लावलेली होती, आणि मागच्या सीटवर खारू बसली होती. क्लासची बॅग मांडीवर. दुकानाकडेच बघत होती. कधीपासून बघत होती देव जाणे. म्हणजे शप्पथ गेली, कोर्स पुरा व्हायच्या आधीच सगळं पुन्हा पहिल्यापासून, तो संसर्ग, ते दुखणं, सगळं. तिने काउंटरखालचा तो दुसरा कोर्स काढून त्याच्यापुढे आपटला. "हे घे. निदान हे तरी घे. दोघांनी घ्यायचं असतं, समजतं का तुला? तिचं आतून सडेल रे!" ती हे ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा भर दुकानात ओरडली. दारात आलेली एक बाई तशीच मागे फिरली. त्याने ते पाकीट एका बोटाने परत तिच्याकडे सरकवलं. "मला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

मग तिने खण उघडला. मालक "ताई" म्हणाले. पोरगी त्याच्यापासून सुटणार होती की नाही हे तिच्या हातात नव्हतं. पोरीला दिवस राहू द्यायचे की नाहीत, एवढंच तिच्या हातात उरलं होतं, आणि तेही याने तिच्या हातात ठेवलं होतं म्हणून. पण गोळी याच्या हाती नाही द्यायची, निदान एवढं तरी, असं तिच्या मनाने घेतलं. तिने गोळी डबीतून बाहेर काढली, आपली पाण्याची बाटली घेतली, काउंटरची फळी उचलली आणि त्याला ओलांडून रस्त्यावर आली. एक टेम्पो कर्कश्श हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला. ती धावलीच जवळजवळ. खारू सीटवर ताठ झाली. जवळून तिच्या गळ्याशी, कॉलरच्या आत, नवा वळ दिसत होता. "खारू," ती म्हणाली, "चल, घरी चल. काही बोलणार नाही मी. रिक्षा करू. चल ना बाळा." खारूचे डोळे भरून आले, ओठ हलले. "बरं, नको येऊस," ती घाईघाईने म्हणाली, "पण ही घे. आत्ता घे. माझ्या हातून घे." आणि तळहातावर गोळी धरून तिने हात पुढे केला.

खारूने हात पुढे केला नाही. तिने आईच्या खांद्यावरून मागे, दुकानाच्या दाराकडे बघितलं आणि वाट बघत राहिली. तिथून त्याने मान हलवली असावी. मग तिने गोळी घेतली.